कवडीची धार

१

आमच्याच आज्यांची अवजारं आम्हाला तीन वर्षांसाठी वापरायला नव्हे, नुसती बघायला दिली होती. तीही सतरा पानी करारावर सही घेऊन. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं ऐकताना माझा राग कुठून सुरू झाला ते लक्षात राहावं.

आमच्या फालिगाऊ बेटावरच्या शाळेत मी सव्वीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाले त्याच साली समुद्रापलीकडच्या एका संग्रहालयातून त्या अवजारांची पेटी आली, आणि सरपंचांनी ती मांडलेल्या खोलीची जबाबदारी माझ्यावर टाकली. "लेगामार, तुला इंग्रजी येतं, तुझ्यावर कुणी आवाज चढवत नाही, तूच बघ." खोली सिमेंटची, किनाऱ्यापासून पन्नास पावलांवर, काचपट्ट्यांच्या दोन खिडक्या, मधोमध कुलूपबंद काचेचं कपाट. दाराशीच नीरफणसाचं झाड; आम्ही त्याला नुसतं फणस म्हणतो.

कपाटात काय होतं? वाटीसारख्या कापलेल्या कवड्या, फणस सोलायच्या. परातीएवढ्या शिंपल्याच्या जाड काठापासून घासून काढलेली, लाकूड तासायच्या वाकसाची पाती. खोबरं खरवडायचे, चटईची पानं चिरायचे, गळ करायचे मोत्याचे शिंपले. संग्रहालयाने प्रत्येकाखाली एकच चिठ्ठी लावली होती: 'आदिम अवजार. वापरणारा अज्ञात.' अज्ञात कसला? मी डोळे मिटून सांगू शकते. हे निळसर पातं पूर्वेच्या बेटावरचं, तिथल्या मुलीबरोबर लग्नात आलेलं. हा शिंपला आमच्या पाण्यातला, तो याप बेटावर गेला, त्याच्या बदल्यात हळद आली, आणि दोन पिढ्यांनी तो तिकडच्या एका सुनेबरोबर परत आला. होडीतून वस्तू जायच्या, माणसं जायची, आणि दोन्ही बाजूंना ठाऊक असायचं कुणाचं काय कुणाकडे आहे. अज्ञात म्हणे!

अवजारांबरोबर एक फोटोही होता. मांडवात जमिनीवर बसलेली बाई, समोर फणस, हातात कवडी. खाली लिहिलेलं: 'एक स्त्री, अवजारासह.'

माझा नेम ठरलेला होता. सकाळी अळूच्या खाचरातलं काम उरकून खोली उघडायची, सुती हातमोजे घालून काच पुसायची, बारा वाजता कुलूप लावून जेवायला घरी जायचं, पडायचं, तीन वाजता पुन्हा उघडायचं. एप्रिलमधल्या एका मंगळवारी तीन वाजता मी कपाटाशी गेले, तर डावीकडून दुसऱ्या कवडीच्या धारेवर पांढरा थेंब होता. कपाट उघडून मी बोट लावलं. चिकटलं.

फणसाचा चीक. ताजा.

खिडकीखाली केळीच्या पानावर एक सोललेला फणस ठेवला होता, पाहुण्यासाठी ठेवतात तसा, देठ भिंतीकडे करून.

२

दुसरी किल्ली माझ्या भावजयीकडे होती. लेफाइलुग वहिनी अंगाने आडवी, तोंडाने तिखट, आणि बेटावरच्या निम्म्या खोड्यांच्या मुळाशी. मी तडक तिच्या चुलीशी गेले.

"वहिनी, गंमत करायची तर माझी करा. त्या वस्तूंची नको. करारात लिहिलंय, वापर झाला तर सगळं परत न्यायचं."

ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "काय वापरलं मी?"

"कवडी. फणस सोललात तिनं."

"मी? अगं, माझ्याकडे स्टीलची सुरी आहे, सोलाणं आहे, सून आहे. कवडी घेऊन कशाला बसू? म्हातारी झाले का मी?"

"मग कुणी सोललं?"

"तुझ्या गोऱ्या लोकांना पत्र लिहून विचार. सतरा पानांत असेल कुठंतरी." मग माझा चेहरा बघून तिने सुरी खाली ठेवली. कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "घे. आता तुझ्याकडे दोन्ही. उद्या पुन्हा चीक दिसला तर माझी माफी मागायला येताना मासे घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता चीक दोन कवड्यांवर होता. पानावर तीन फणस. आणि कपाटाच्या आत, काचेला चिकटलेली, सालीची एक फीत. एवढी पातळ की तिच्यातून माझं बोट दिसत होतं.

मी मासे घेऊन गेले. वहिनी हसली नाही.

३

मी शिक्षिका होते. ज्याचं कारण सापडत नाही त्याचं कारण अजून सापडलेलं नाही, एवढंच मुलांना शिकवत आले. खेकडे कपाटं उघडत नाहीत. उंदीर फणस सोलून देठ भिंतीकडे करून ठेवत नाहीत. उरला माणूस. माणूस पकडायचा तर दुपारी आत बसायचं.

शुक्रवारी बारा वाजता मी बाहेरून गेल्यासारखं केलं, मागून वळून आले आणि दार आतून लावलं. भिंतीशी चटई टाकली. खिडकीच्या पट्ट्यांतून उन्हाच्या रेघा फरशीवर पडल्या होत्या. प्रवाळाच्या कड्यावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज दुपारी लांब जातो, मग अगदी जवळचे आवाज ऐकू यायला लागतात. पत्रा तापून टकटकत होता. तेवढंच. मग पत्रा थांबला आणि दुसरा आवाज सुरू झाला. खर्र, जरा थांबून खर्र. लहानपणी उठायच्या आधी कानावर पडायचा तो आवाज. कुठून येतोय ते बघायला मी मान वळवली. एवढं मला आठवतं.

त्यानंतर उन्हाच्या रेघा समोरच्या भिंतीवर चढलेल्या होत्या. अडीच वाजून गेले होते. माझं उजवं मनगट ठणकत होतं. मांडीवर साली पडल्या होत्या. कपाट उघडं होतं आणि किल्ली माझ्याच हातात होती.

ऊन लागलं असेल, मी स्वतःला म्हटलं. झोपेत चालणारी माणसं असतात. सव्वीस वर्षं मुलांचे कान उपटलेली बाई झोपेत काय वाटेल ते करू शकते. तरीही सोमवारी मी वहिनीला खिडकीबाहेर बसवलं.

"काही झालं तरी आत येऊ नका. नुसतं बघा."

तीन वाजता मी भानावर आले तेव्हा वहिनी दारात उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तूच सोलत होतीस," ती म्हणाली. "डोळे उघडे होते. चार हाका मारल्या, ऐकल्या नाहीस."

"म्हणजे झोपेत..."

"लेगामार, तीस वर्षं तुझं सोलणं बघतेय मी. बोटभर जाड साल काढतेस, अर्धा फणस डुकरांना जातो. सासूबाई गेल्या त्यावरून बोलत बोलत. आज तू एका फितीत सोलत होतीस, हात न उचलता. तो हात तुझा नव्हता गं."

४

इलारेग आत्या आमच्या बेटावर सगळ्यात म्हातारी. डोळ्यांनी दिसत नाही, पण कान आणि आठवण शाबूत. मी पातळ सालीची फीत तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती अंगठ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली.

"माझ्या आजीची बहीण असं सोलायची," ती म्हणाली. "लिमाराग. आजी सांगायची, एक बोट आली, घराघरांतून कवड्या, पाती गोळा केली, आणि वर म्हणाले, ही कशी वापरतात ते आमच्या लोकांना दाखवायला एक बाई पाहिजे. एका मोसमात परत आणून सोडू. तिकडे मांडव घातला होता म्हणे. त्यात बसवून लोकांसमोर सोलायला लावायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

"आणि परत?"

"परत कसली! दुसऱ्या बोटीबरोबर निरोप आला, ताप आला, गेली. पुरलं. झालं." आत्याने फीत माझ्या हातात परत दिली. "त्यांनी तिच्या बदल्यात काय दिलं माहितीय? लोखंडी सुऱ्या. म्हणून तर पुढं कवडीनं कुणी सोललं नाही."

मी खोलीत जाऊन फोटोखालचं 'एक स्त्री' खोडलं आणि पेन्सिलीने 'लिमाराग' लिहिलं. करारात चिठ्ठ्यांना हात लावायला मनाई होती. मला भीती वाटायला हवी होती, पण मला एवढा संताप आला होता की भीतीला जागाच उरली नव्हती. दुपारी मी खोलीत बसणं मात्र बंद केलं, आणि पहिल्या दोन दिवसांसारखी घरून झोपेत चालत जाऊ नये म्हणून पडताना वहिनीला उशाशी बसवू लागले. मी बसले नाही, तर कवड्या कोरड्या राहू लागल्या. बंद खोलीतून आवाज येत राहिला. वाट बघणाऱ्या माणसाने नखाने जमीन खरवडावी तसा.

५

मे महिन्याच्या बोटीने संग्रहालयाचे डॉक्टर हेलर आले. चाळिशीचे, उन्हाने भाजलेले, बोलायला अतिशय सभ्य. बोट संध्याकाळी निघणार होती, तेवढ्या वेळात त्यांना तपासणी करायची होती. कपाटाशी वाकून त्यांनी भिंग लावलं आणि त्यांची मान आखडली.

"मॅडम, ही अवजारं वापरली गेली आहेत."

"हो."

"कुणी?"

"मी. पण मी नाही."

"हे उत्तर नाही झालं." त्यांनी फोटोखालचं नाव पाहिलं. "आणि हे काय?"

"तिचं नाव. तुमच्याकडे नव्हतं, म्हणून आम्ही दिलं."

त्यांनी सुस्कारा सोडला. शंभर वर्षं जपलेली धार, ओलावा, विश्वासाचा प्रश्न, असं बरंच बोलले. विश्वास! तो शब्द त्यांनी तीनदा वापरला. मग म्हणाले की वस्तू आजच्याच बोटीने परत न्याव्या लागतील. त्यांना वाईट वाटत होतं, हे खरं. बोलता बोलता त्यांनी यादीचं बाड टेबलावर उघडलं आणि पेन शोधायला वळले. शेवटचं पान माझ्यासमोर होतं. अवजारांच्या यादीखाली रेघ मारून एक नोंद होती. मी दोनदा वाचली.

'उजवा हात, कोपरापासून. स्त्री. वरील अवजारांसोबत प्राप्त. प्रदर्शनासाठी नाही. बाहेर देण्यासाठी नाही.'

"डॉक्टर, हे काय आहे?"

त्यांनी पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाले. "हे पान या बाडात यायला नको होतं."

"पान यायला नको होतं, की हात तिकडे जायला नको होता?"

"त्या काळी अभ्यासासाठी... कसबी हाताचे स्नायू कसे असतात, यावर कुणीतरी काम करत होतं. मी समर्थन करत नाही. तो वेगळा विभाग आहे."

"आणि बाकीची ती?"

"रीतसर दफन झालं."

"हात कापून घेऊन रीतसर?"

त्यांनी बाड मिटलं. मग घड्याळ बघून म्हणाले, "पेट्या भरायच्या आधी मला फोटो घ्यायचेत. खिडक्या बंद कराल का? उजेड सारखा हवा. तासभर मला एकट्याला लागेल."

बारा वाजत आले होते.

खोटं कशाला बोलू? मी त्यांना नीट सांगितलं नाही. एकदा म्हटलं, "दुपारी इथे कुणी बसत नाही." ते हसले. "माझ्या मुलीसाठी शंख वेचायचेत, त्यामुळे लवकरच आटपतो." मी खिडक्या बंद केल्या. दाराशी माझी फणसांची टोपली होती, सकाळी उतरवलेली, पाचसहा फणसांची. ती मी उचलली नाही. दार ओढून घेतलं आणि झाडाखाली वहिनीशेजारी जाऊन बसले.

६

बराच वेळ कॅमेऱ्याचे टिकटिक आवाज आले. मग थांबले.

"टोपली आत राहिली तुझी," वहिनी म्हणाली.

"माहितीय."

ती माझ्याकडे बघत राहिली. आतून आवाज सुरू झाला होता. खर्र. आता थांबून थांबून नव्हे, एकसारखा, भरभर, कामाची सवय असलेल्या माणसाचा. मी ऐकत बसले आणि माझ्या मनात आलं, सोल. लोकांसमोर नाही तर एकट्याने सोल. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसं वाटतं ते कळू दे. असं मी म्हटलं, मनात का होईना. ते विसरायचं नाही असं मी ठरवलंय.

बोटीचा भोंगा झाला. आवाज थांबला नाही. वहिनीने माझा दंड धरला. "किती फणस होते गं टोपलीत?"

मी हिशेब केला आणि धावले.

खिडक्या बंद, तरी पट्ट्यांच्या फटींतून उजेड येत होता. डॉक्टर हेलर फरशीवर मांडी घालून बसले होते. हातमोजे बाजूला पडले होते. भोवती सोललेले फणस, एकेक फीत सरळ, सगळ्यांचे देठ भिंतीकडे. टोपली रिकामी होती. त्यांचे डोळे उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते. उजव्या हातात कवडी होती आणि तिची धार त्यांनी आपल्याच डाव्या मनगटावर टेकवली होती. घाईने नाही. साल कुठून सुरू करावी हे बघत फळ फिरवावं, तसं ते मनगट फिरवत होते.

आणि त्यांच्या मागे कुणीतरी बसलं होतं.

मी पूर्ण पाहिलं नाही. तेल लावलेले केस दिसले. विणलेल्या नेसणाचा काठ दिसला. त्यांच्या खांद्यावर ठेवलेला एक डावा हात दिसला, म्हातारा नव्हे, तरुण बाईचा, नखांत चीक असलेला. उजव्या बाजूला तिचा दंड होता, कोपरापर्यंत. कोपराच्या पुढे त्यांचा हात सुरू होत होता.

मी दारात एक क्षण उभी राहिले. फक्त एक, पण राहिले. धारेखाली लाल रेघ उमटली तेव्हा माझ्या तोंडून आवाज फुटला, शाळेत वर्गावर ओरडायचे तसा.

"लिमाराग आजी! सोड त्याला!"

मनगट फिरायचं थांबलं.

"त्याला घरी मुलगी आहे. त्यानं नाही कापलं तुला. ज्यानं कापलं त्याची हाडंसुद्धा राहिली नसतील आता. आणि याच्या हातानं काय सोलणार तू, जन्मात फणस धरला नाही यानं. हात पाहिजे ना? माझा घे. मी बसते."

मी पुढे होऊन त्यांच्या मुठीतून कवडी काढून घेतली. बोटं उलगडताना ती बर्फासारखी गार होती. कवडी माझ्या हातात आली आणि खोलीत कुणी मागे बसलेलं नव्हतं. डॉक्टर हेलर एकदम वाकले आणि हुंदका द्यावा तसा श्वास घेतला.

७

डॉक्टरांच्या मनगटासाठी फडकं मी फाडलं. वहिनीनेच बांधलं. बांधता बांधता त्यांना दटावलं, "हलू नका हो, तुमचंच मनगट आहे." पेट्यांचा विषय निघाला नाही. किनाऱ्यावर छोट्या होडीत चढायच्या आधी ते थांबले.

"मी पत्र लिहीन," ते म्हणाले.

"पत्र नको. हात पाठवा."

त्यांनी मान हलवली. यादीचं ते शेवटचं पान त्यांनी बाडातून सोडवून माझ्या हातात दिलं. एवढं मी त्यांच्या नावावर मांडते. होडी कड्याबाहेर जाईपर्यंत त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि त्याचा अंगठा हलत होता, मागे पुढे, मागे पुढे. त्यांना ते कळतही नव्हतं.

जूनमध्ये पूर्वेच्या बेटांवरून होड्या आल्या, दर दोन वर्षांनी येतात तशा. मी कपाट सताड उघडलं. बायकांनी अवजारं आपापसांत वाटून घेतली, आणि निळसर पातं बघून तिकडची एक पाहुणी म्हणाली, "अगं, हे आमच्या घरचं!" मग दोन्हीकडच्या बायका तासभर भांडल्या, कुणाची आजी कुणाकडे नांदायला आली होती यावरून. बरं वाटलं. तीन दिवस शंभरभर माणसं जेवली. कुणी विचारलं नाही की एवढ्या पातळ साली कोण काढतंय. मी एका कोपऱ्यात पाठ करून बसले होते.

त्यानंतर तीन बोटी आल्या. डॉक्टर हेलरचं एक लहानसं पत्र आलं, ते आता त्या संग्रहालयात नाहीत. संग्रहालयाचंही आलं. आपली विनंती योग्य समितीसमोर आहे, अवजारांच्या वापराबाबत आम्ही तीव्र चिंता व्यक्त करतो. चिंता! मी त्यांना दर बोटीला लिहिते. इंग्रजी स्वच्छ लिहिते, शिवी देत नाही, नाव दर वेळी पूर्ण लिहिते. लिहिताना अक्षर हल्ली तिरकं येतं.

रोज बारा वाजता मी खोलीत बसते. कवडी हातात घेते आणि सांगते, "आजी, ये." मग रेघा भिंतीवर चढलेल्या असतात, फणस सोललेले असतात आणि मनगट ठणकत असतं. ठणकलं की मला बरं वाटतं. ठणका माझा असतो.

काल मी भानावर आले तेव्हा काहीच ठणकत नव्हतं. उजवा हात मांडीवर होता, कवडी धरून. मी बोटं उघडायला सांगितली, ती उघडली नाहीत. त्यांनी कवडी जरा वळवली, धार उजेडात बघितली आणि पुन्हा नीट धरली.

मी ओरडले नाही. तिच्यावर मला रागावता येत नाही. राग आला तो त्या समितीचा, कुठल्याशा थंड खोलीत टेबलाभोवती बसून पुढची तारीख ठरवणाऱ्यांचा.

"घाई नाही," मी तिला म्हटलं. "पण ते तुझा हात पाठवतील तोवरच हं."

उजव्या हाताने कवडी सोडली नाही. थोडा वेळ वाट बघून मी उठले आणि डाव्या हाताने दार लावून घेतलं.